बोटभर अंतर

…नाही हो, इस्त्रीवर पडले आमचे हे. तोल गेला. तसंच लिहा, सिस्टर — आणि बसा जरा, ते आत झोपलेत, पट्टी काय पळून जात नाही. पंखा माझ्याकडेच राहू दे हं. आलं बघा, आलंच — छातीतून वर, मानेतून, कानशिलात — नुसता जाळ. वय? सत्तेचाळीस. पाळी? येते की! कधी दोन महिने गायब, कधी महिन्यातून दोनदा, आणि आली की उभं राहवत नाही. म्हणून तर वाटलं, अजून येतेय म्हणजे पाळी जायचं ते नसणार. ते बंद झाल्यावर होतं ना? आधीपासून? चार-चार वर्षं? मग हे मला कुणी सांगायचं होतं! आमची आई या वयात ताटं फेकायची, आणि आम्ही पोरी तोंडावर हात ठेवून हसायचो.

आमचं लाँड्रीचं काम म्हणजे सगळं अंदाजाचं. ही जड इस्त्री — हिचं ताप कमीजास्त करायचं बटण केव्हाच मेलंय — गालाजवळ धरायची, बोटभर अंतरावर, मग गालच सांगतो, रेशमाला चालेल की सुताला. सव्वीस वर्षांत एक कपडा जळला नाही, विचारा कुणालाही. आणि या वर्षी नऊ! का? अहो, गालच पेटलेला असेल तर इस्त्री गारच वाटणार ना! मी आपली म्हणतेय, अजून तापू दे, अजून तापू दे — की शर्टावर काळा त्रिकोण. झोप नाही, चादर पिळावी इतका घाम, आणि सकाळी कुणी नुसतं ‘चहा?’ म्हटलं तरी डोक्यात तिडीक. आरसा फोडला मी, हँगरने. लेकीच्या पाठीवर त्याच हँगरचा वळ आहे — मावशीकडे गेलीय, येत नाही म्हणते. मारताना बरं वाटलं मला. हे नका लिहू.

मंगळवारी वकीलबाईंचा रेशमी शर्ट गेला. त्यांच्यासमोरच हे हसले — ‘हिचा गाल लोंबायला लागला, बाई, आता कसला ताप कळतोय!’ त्या हसल्या. मीही हसले, खरं सांगते. त्या गेल्या, हे वाकून गठ्ठा बांधत होते, म्हटलं, ‘माझा गाल गेला ना? मग आजपासून तुमचा.’ आणि धरली. बोटभर अंतर ठेवायचं असतं, सिस्टर. नाही ठेवलं मी. एक, दोन, तीन — मोजलं. वास आला, तेव्हा आधी वाटलं, दहावा कपडा जळाला.

…पडले. म्हणालेच की मी. तेही तेच सांगतात, विचारा हवं तर.

आणा तो कागद. सैल कपडे, लांब श्वास, कुठल्या दिवशी काय होतं ते लिहून ठेवा, डॉक्टरीणबाईंना दाखवा — गोळ्या आहेत? यावर गोळ्या आहेत? आणि मी वर्षभर डोकं भिंतीवर आपटत होते! येते, आजच येते दवाखान्यात. पण ती इस्त्री, कोपऱ्यातली, गार आहे — जाताना घेऊन जा. मी हात लावणार नाही. अशा काय बघताय? आत जा, पट्टी बदला. मी नाही येत. मी दारात दिसले की ते दोन्ही हातांनी गाल झाकतात. भाजलेला नाही — दुसरा.

जा ना!