लाल बादल्यांची वही

छगन : पेट्रोल पंपापाशी हाय जीप. ड्रायव्हर चाकात हवा भरतोय. फार तर दहा मिनिटं, भाऊसाहेब.

सुमंत : फॅक्टरी इन्स्पेक्टरचीच ना? नीट पाहिलंस?

छगन : नगरचीच जीप. आत चष्मेवाला साहेब, मांडीवर कातडी बॅग. कलेक्टर असता तर मागं आणखी चार जीपा असत्या.

सुमंत : येऊ दे. पाहुणा दारात आल्यावर चादर झटकणाऱ्यांतला मी नाही. गेल्या साली या कापसाच्या जिनावर शेरा पडला, तेव्हा मालक तोंडावर म्हणाले, "सुमंत, आणखी एक शेरा, की तुम्ही घरी." त्या दिवसापासून बारा महिने तयार! ही बघ आगीच्या बादल्यांची वही. रोजची ओळ, रोजची सही. "पाण्याच्या आठ, वाळूच्या चार. भरलेल्या. तपासल्या."

छगन : वाळू हाय.

सुमंत : आणि?

छगन : लई झ्याक वाळू हाय. गोदावरीची.

सुमंत : छगन, पाणी!

छगन : सकाळपत्तुर दोन बादल्या हुत्या.

सुमंत : दोन? बाकीचं पाणी गेलं कुठं?

छगन : बायांनी पिलं. साठ जणी कापसाच्या धुळीत बसत्यात, नाकातोंडात रुई. प्यायची टाकी चार दिसांपास्नं कोरडी ठाक. टँकर वेशीत येतो आन् वेशीतच संपतो. काल लंकाबाईला भोवळ आली. तिला काय सांगू, बाई, ही आगीची बादली हाय, तू पेटलीस तरच दीन?

सुमंत : चार दिवस! आणि मला आज सांगतोस?

छगन : तुमी कवा इचारलं? तुमी तर रोज "तपासल्या" लिवताय.

सुमंत : पळ, विहिरीवरनं दोन तरी भरून आण.

छगन : हिरीत काय हाय? परवा तिच्यातला बेडूक बाहेर निघाला. माज्या डोळ्यांनी बघितला. एकेक पायरी चढत हुता, मदल्या पायरीवर दम खायला बसला. मला इचारलं, पैठणची एस्टी कितीला?

सुमंत : माझी नोकरी चाललीय आणि तुला बेडूक सुचतोय! मग आठही बादल्यांत वाळू भर. सांगू, सगळ्या वाळूच्याच आहेत.

छगन : आन् वहीत पानी?

सुमंत : अरे देवा. पानांवर शिक्के आहेत रे, फाडताही येत नाही.

छगन : हॉर्न वाजला. उघडू का फाटक?

सुमंत : उघड. आणि तोंड बंद ठेव.

साहेब : नमस्कार. सुमंत आपणच ना? आगीची वही दाखवा.

सुमंत : साहेब, उन्हातून आलात. आधी चहा घ्या.

छगन : चहाला पानी कुठलं...

सुमंत : छगन!

साहेब : वही द्या, सुमंतराव. हात काढा तिच्यावरचा. वा, अक्षर सुरेख आहे. फेब्रुवारी. दहा, अकरा, बारा, तेरा. आज तेराच ना?

सुमंत : हो. मंगळवार.

साहेब : चौदा. पंधरा. सोळा. अहो, ही अठ्ठावीसपर्यंत भरलीय!

सुमंत : वही मागं पडू नये म्हणून, साहेब. आपण केव्हाही आलात तरी...

साहेब : तेवीस तारीख. "तिसरी बादली गळत होती. डांबर लावून बंद केली."

सुमंत : रोज एकसारखंच लिहिलं तर संशय येतो.

छगन : म्हंजी तिसरी गळनार हाय व्हय? आदी सांगायचं, तिच्यातलंच आदी पाजलं असतं.

साहेब : पाजलं? कुणाला?

छगन : बायांना.

साहेब : आणि प्यायच्या पाण्याची टाकी?

छगन : कोरडी. चार दिस झालं.

साहेब : सुमंतराव, मालकांना कळवलंत?

सुमंत : कसं कळवू? या पानाची नक्कल त्यांना गेलीय. महिनाभर बादल्या भरलेल्या आहेत.

साहेब : महिनाभराची नक्कल? केव्हा गेली?

सुमंत : एक तारखेला. पोस्टात उशीर होतो म्हणून.

साहेब : पलीकडं रुईचे ढीग, मध्ये साठ बायका. ठिणगी पडली तर काय ही वही फेकून मारणार होतात?

सुमंत : साहेब, चौदा वर्षं झाली मला इथं. तेवढा शेरा टाळा. शेरा पडला की मी घरी.

साहेब : शेरा पडणारच. कुणाच्या हातचा, तेवढं ठरवा. मी लिहिला तर "वही खोटी" एवढंच लिहीन. तुम्ही लिहिलात तर जे आहे ते सगळं येईल.

सुमंत : म्हणजे माझ्यावरचा शेरा मीच लिहू?

साहेब : आजच्या ओळीवर रेघ मारा आणि खाली लिहा.

छगन : लिवा, भाऊसाहेब. आठीच्या आठी रिकाम्या. मी मोजून आलोय.

सुमंत : थांब. मी बघून येतो.

छगन : अवो, मी सांगतोय की!

सुमंत : मीच बघतो.

(सुमंत शेडमध्ये जाऊन येतो. चपलांना रुई चिकटलेली.)

सुमंत : सात रिकाम्या. आठवीत तळाला ओंजळभर आहे.

छगन : ती लंकाबाईसाठी दडवून ठिवली हुती.

साहेब : लिहा.

सुमंत : "तेरा फेब्रुवारी एकोणीसशे त्र्याहत्तर. सात बादल्या रिकाम्या, आठवीत ओंजळभर. पाणी कामगार बायका प्यायल्या. दुसरं नव्हतं. या महिन्याच्या सगळ्या ओळी न पाहता लिहिल्या आहेत." ही सही.

साहेब : त्याखाली माझी. "प्रत्यक्ष पाहिलं. आजची नोंद खरी." मशिनं आत्ता बंद करा, टँकर आल्याशिवाय चालू करायची नाहीत. टँकरचं तहसीलदारांशी मी बोलतो. मालकांना तारही मीच करतो. तुमच्या नोकरीचं मात्र माझ्या हातात नाही.

सुमंत : समजलं, साहेब.

छगन : गेली जीप. धुरळा बी बसला. भाऊसाहेब, मालक काय म्हनत्याल?

सुमंत : तार आज पोचेल. उद्या ते येतील. परवा या खुर्चीत मी असेन असं काही नाही.

छगन : आन् वही?

सुमंत : बादल्यांपाशी रोज कोण असतं?

छगन : मी.

सुमंत : मग वही तूच लिहायची.

छगन : मला कुटं लिवता येतं! अंगठा चालंल का?

सुमंत : अंगठ्यावरनं बादलीत काय आहे ते कळत नाही. ये, खुर्चीवर बस.

छगन : तुमच्या?

सुमंत : बस रे. हे पेन धर. आज "रिकामी" शिकू. "भरलेली" टँकर आल्यावर.