ओकुतानेला निघालेली मायलेकरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दीनानाथजी सबनीस, पुण्याहून लेकीकडे आलेल्या आणि आपल्या आग्रहाखातर व्यासपीठावर येऊन बसलेल्या प्रमुख पाहुण्या लीलावतीताई, मंडळाच्या कार्यकारिणीतील सर्व सहकारी, समोरची वडीलधारी मंडळी, मागे भिंतीला टेकून उभी असलेली आणि बटाटेवड्यांच्या वासानं आधीच चुळबुळ करू लागलेली तरुण मंडळी, आणि आजचे सत्कारमूर्ती, चिरंजीव यशोधन आणि माझी मैत्रीण रेखा, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बहुतेकजण ओळखता. ज्यांची मुलं माझ्या हाताखालून गेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मी वैजयंती. इथे लंडनमधल्याच एका शाळेत भूगोल शिकवते आणि शनिवारी या हॉलमध्ये आपल्या मंडळाचा युवा मंच चालवते. मघाशी अध्यक्षसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जरा स्फूर्तिदायक बोला. यशोधनसारखी अजून चार मुलं जपानच्या खेड्यात गेली पाहिजेत." मी मान डोलावली. अध्यक्षांपुढे दुसरं काय करणार? पण साहेब, आधीच सांगते, आपली अपेक्षा माझ्याकडून पुरी होईल असं वाटत नाही.

ही गोष्ट सुरू झाली आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. तीनेक वर्षांपूर्वी एक जपानी शिक्षिका वर्षभरासाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या डोंगराळ भागातल्या, निगाता प्रांतातल्या. त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव ओकुताने. त्या सांगायच्या, गावातली तरुण माणसं सगळी टोकियोला गेली. घरं आहेत, कुलपं आहेत. भातशेती सत्तरी ओलांडलेली माणसं करतात. शाळा आहे, पण वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी. गावानं ठरवलं होतं की कुठूनही येवो, पण एखादा तरुण माणूस यावा. शाळेत इंग्रजी शिकवावं, पडेल ते काम करावं आणि मुख्य म्हणजे गावात राहावं.

मी भूगोलाची शिक्षिका. ओसाड पडत चाललेल्या गावांवर मी वर्गात किती तास बोलले असेन! ते सगळं बोलणं मी एका शनिवारी इथे, याच व्यासपीठावरून, आपल्या मुलांपुढे केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि एकानं टाळ्या वाजवल्या नाहीत, तो हॉल रिकामा झाल्यावर माझ्याकडे आला. यशोधन तेव्हा स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये एका वेअरहाऊसच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायचा. डिग्री झालेली, मन कशातच नाही. मला म्हणाला, "वैजूमावशी, ती शाळा आहे ना, तिकडे मी गेलो तर चालेल का? आय मीन, मला खरंच जायचा आहे."

त्याची आई, म्हणजे आपली रेखा, हो-नाही करत होती. अडून बसले होते त्याचे वडील, गिरीशभाऊ. त्यांना पोरगा सिटीत, बँकेत हवा होता. यशोधननं मला मध्यस्थीला नेलं. त्यांच्या फ्लॅटमध्ये बसून मी तासभर बोलले. गिरीशभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचा मुलगा असता तर पाठवला असतात?"

मी म्हटलं, "हो. लगेच."

मित्रहो, मला मूलबाळ नाही. 'हो' म्हणायला मला काय लागत होतं? आणि वर मी असंही म्हटलं की दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, भाऊ. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बापाला धीर यावा म्हणून मी आपलं म्हणून टाकलं.

यशोधन गेला. रविवारी फोन यायचा. भात लावायला शिकलो, कमरेचा काटा ढिला झाला. शेजारच्या आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. साकुमासान नावाच्या एका वयस्कर शेतकऱ्याच्या ट्रकवर गाडी चालवायला शिकलो. गिरीशभाऊ इथे मंडळात येऊन ते फोन शब्दन् शब्द सांगायचे. ज्यांनी अडवलं होतं तेच! मला वाटायचं, बघा, मी सांगत होते.

मग या जानेवारीत गिरीशभाऊंची साठी होती. यशोधननं तिकीट काढलं होतं. पण आपण बातम्यांत पाहिलं असेल, गेल्या हिवाळ्यात जपानच्या त्या भागात बर्फानं कहर केला. ओकुतानेत छपरांवर माणसाच्या उंचीचा थर. तो वेळेवर खाली ढकलला नाही तर घर खचतं, आणि ढकलायला वर चढणार कोण? ऐंशीच्या घरातली माणसं. शेजारच्या गावात एक आजोबा छपरावरून घसरून गेले. यशोधननं फोन केला तेव्हा मी साठीच्या तयारीसाठी त्यांच्याकडेच होते. रेखानं स्पीकर लावला होता.

"बाबा, इथे छप्पर पडली तर लोक आत आहेत. पण मला यायचं पण आहे. काय करू?"

गिरीशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, रेखाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, वेम्बलीत कुणाचं छप्पर पडत नाहीये. थांब तिथे. केक तुझ्या वाटणीचाही मी खातो."

तो थांबला. फेब्रुवारीत गिरीशभाऊ कामाला निघाले असताना ट्यूब स्टेशनच्या जिन्यात कोसळले आणि गेले. यशोधन अंत्यविधीला पोचला. वडिलांच्या भेटीला नाही.

त्या दिवसांत मी त्यांच्याकडे जात होते, भांडी घासत होते, येणाऱ्यांना चहा देत होते. जे बोलायचं होतं ते तोंडातून निघत नव्हतं. रेखा माझ्याशी नीट वागत होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

यशोधननं तिकडे कळवून टाकलं की मी परत येणार नाही. आईला एकटं टाकणार नाही. स्लाऊची जुनी नोकरी त्यानं पुन्हा धरली. मंडळात सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आपणही थोपटली असेल. गुणी पोरगा, आईसाठी सगळं सोडून आला.

आणि मग एप्रिलमध्ये साकुमासान आले.

हो, स्वतः आले. ज्या माणसानं आयुष्यात आपला प्रांत सोडला नव्हता त्यानं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पासपोर्ट काढला, आणि शेतीची कामं सुरू व्हायच्या आत लंडन गाठलं. यशोधन त्यांना घेऊन घरी आला तेव्हा रेखानं मलाही बोलावून घेतलं होतं, परक्या माणसापुढे एकटीला अवघड वाटत होतं म्हणून. ठेंगणे, उन्हानं रापलेले, अंगात घडीची मोड न गेलेला कोट. त्यांनी गिरीशभाऊंच्या फोटोपुढे स्वतःच्या शेतातल्या तांदळाची पिशवी ठेवली. मग गुडघे टेकले आणि कपाळ कार्पेटला लावलं. ते उठेचनात. रेखा घाबरली. म्हणाली, "अरे, त्यांना उठव ना! काय म्हणतायत ते?"

यशोधन त्यांच्याशेजारी खाली बसला. मग म्हणाला, "आई, ते सॉरी म्हणतायत. म्हणतायत, आम्ही तुमचा मुलगा ठेवून घेतला. आम्ही त्याला जा म्हणायला पाहिजे होतं, पण बर्फ बघून आम्ही भ्यालो आणि गप्प बसलो."

रेखा उठली. आत गेली. मला वाटलं, आता ही बाहेर येणार नाही. पण आतून कुकरची शिटी ऐकू आली. तिनं तोच तांदूळ शिजवला, वर वरण, तूप, लिंबाची फोड. तो चिकट भात वरणाला मुळीच दाद देत नव्हता. साकुमासान मान खाली घालून जेवले. ताट रिकामं झाल्यावर रेखानं विचारलं, "यांना विचार, यांची मुलं कुठे असतात?"

उत्तर आलं, एक टोकियोत, एक ओसाकात. रेखानं पुन्हा विचारलं, "मग बर्फ पडला तेव्हा?"

साकुमासान म्हणाले, "दोघांनीही फोन केला होता."

बस, एवढंच. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण रेखानं तोंडाला पदर लावला. आणि मग ते माझ्याकडे वळले. यशोधननं माझी ओळख करून दिली होती, "मला जपानला पाठवणाऱ्या त्या याच." ते पुन्हा वाकले आणि म्हणाले, "तुमचे आभार." सांगा, मी ते आभार कुठे ठेवायचे होते? ज्या घरात मी बापलेकांची ताटातूट केली त्याच घरात बसून?

ते परत गेले. आम्हा कुणालाही त्यांनी यशोधनला परत पाठवा असं म्हटलं नाही.

पुढचा प्रसंग ईलिंग रोडचा. जूनमध्ये रेखा आणि मी भाजी घ्यायला गेलो होतो. मेथीच्या जुड्या निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "वैजू, तो रोज कॉम्प्युटरवर तिकडचं हवामान बघतो. मी आले की बंद करतो."

मी म्हटलं, "रेखा, तुझ्यासाठी थांबलाय गं तो."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "तो शिक्षा भोगतोय. बाप शेवटचा भेटला नाही त्याची. सकाळी उठतो, स्लाऊला जातो, येतो, माझ्यासमोर बसतो. मला मुलगा हवाय गं, कैदी घेऊन काय करू?"

मी धीर करून म्हटलं, "हे सगळं माझ्यामुळे झालं. मला माफ कर." इतके महिने अडकलेलं वाक्य भाजीच्या दुकानात निघालं. रेखानं मेथी पिशवीत टाकली आणि विचारलं, "तू गेली आहेस का गं कधी त्या गावात?"

मी म्हटलं, "नाही."

"पाहिलंसुद्धा नाहीस?"

"नाही."

"बरं," म्हणाली, आणि पैसे द्यायला पुढे गेली.

त्या रात्री म्हणे मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली जा, तो म्हणाला जाणार नाही. तो म्हणाला, बाबांनी पण थांब म्हटलं आणि बघ काय झालं. ती म्हणाली, "बाबांनी स्वतःच्या मर्जीनं म्हटलं. माझ्यादेखत म्हटलं. त्यांचा तो शब्द तू खोटा पाडू नकोस." मग दोघंही रडली. मग तिनं सांगितलं, "मीही येते. सहा महिने राहीन. बघू तरी, कुठलं गाव आहे ते." हे मला यशोधननं सांगितलं, आणि रेखाच्या परवानगीनं मी आपल्याला सांगते आहे.

तर पुढच्या आठवड्यात दोघं निघत आहेत. यशोधन तिथे कायमचा राहणार आहे. एक बंद घर गावानं त्याला उघडून दिलं आहे. रेखा व्हिसा संपेपर्यंत राहील आणि परत येईल, किंवा पुन्हा जाईल. तिचं तिला ठरवू दे. या खेपेला मी काही सांगायला गेले नाही.

आता अध्यक्षसाहेब, आपली ती चार मुलं. मघाशी अक्षया माझ्याकडे आली होती. ती आहे बघा तिथे, खिडकीपाशी. तिनंही विचारलं, मीसुद्धा गेले तर? अक्षया, बाळा, गावं खरोखर ओस पडली आहेत, तिथल्या माणसांना तुमची खरोखर गरज आहे, त्यात मी तेव्हाही खोटं बोलले नव्हते. जावंसं वाटत असेल तर जा. पण तुझ्या आईबाबांकडे मी येईन तेव्हा दोनच वर्षं असं म्हणणार नाही. किती वर्षं ते मला ठाऊक नाही असं म्हणेन. ज्या गावात तुम्ही उपयोगी पडाल ते गाव तुम्हाला सहजी सोडणार नाही, आणि इथे कुणीतरी तुमच्या फोनची वाट पाहत म्हातारं होईल, हेही म्हणेन. एवढं ऐकून त्यांनी मला चहा न देता घालवलं तर माझी हरकत नाही. आणि तोपर्यंत मी ते गाव पाहिलेलंही असेल. येत्या फेब्रुवारीत गिरीशभाऊंचं वर्षश्राद्ध रेखा तिथेच करणार आहे. मी जाते आहे. तिनं बोलावलेलं नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "थंडी असते, स्वेटर आण."

यशोधन, तुला आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही हे मला माहीत नाही. शुभेच्छा मात्र देते. सांभाळून राहा. फोन करत जा, रविवारचा चुकवू नकोस.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी आणि लीलावतीताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात राबणाऱ्या मंडळींनी वडे गरम ठेवले, सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, घरातलं काही चारचौघांत जास्त बोलून गेले असेन, तर उदार मनानं पोटात घालावं. ही माफी मी सभेकडे मागते आहे. दुसरी एक माफी मी जूनमध्ये मागितली आहे. ती अजून मिळालेली नाही, आणि रेखा, तुला घाई नाही.

नमस्कार.