नानांचा रंगीत स्क्रीन

मी जळगावात कॉम्प्युटरच्या दुकानात होतो, तेव्हाची गोष्ट. धुळ्याचे ज्योतिषी नाना पत्रिका करत गावोगाव हिंडायचे, म्हणून त्यांना लॅपटॉप हवा होता. मी म्हटलं, "नाना, हा काळापांढरा घेऊ नका. रंगीत स्क्रीनचा येतोय म्हणतात."

दिवाळीनंतर ते पुन्हा आले. रंगीत आला होता. मी म्हटलं, "अजून थोडं थांबा. पुढच्यात पेंटियम बसवणार, असं मासिकात आलंय."

नाना अहिराणीत म्हणाले, "भविष्य सांगानं काम मन्हं शे का तुन्हं?" पण थांबले.

माझी पत्रिका आईने त्यांच्याकडेच दिलेली. वैशाखात तिने विचारलं, "नाना, याच्यासाठी एकही स्थळ नाही?"

"आलं होतं ना, अक्का. सावद्याची मुलगी, शिकलेली. छत्तीसपैकी तीस गुण जुळत होते. पण तुमच्या पोराकडूनच शिकलो. म्हटलं थांबू, पुढे याहून चांगलं येईल."

"मग?"

"मागच्या आठवड्यात तिचं लग्न झालं."

दुसऱ्या दिवशी दुकानात जो लॅपटॉप होता तो उचलला आणि मी स्वतःच धुळ्याची एसटी पकडली.