अध्यक्षानं धरून आणलेला माणूस

जत्रेतल्या मारामाऱ्यांचं तुमी मला सांगूच नका रं. आमच्या गावात ऑर्केस्ट्रा म्हटलं की पयली खुर्ची फेकायचा मान बापूतात्याचा. औंदा पोलिसांनी परवानगीला अट घातली. जत्रा कमिटीच्या अध्यक्षानं हमीपत्र लिहून द्यायचं: गोंधळ घालणाऱ्याला मी स्वतः धरून ठाण्यात आणीन आणि नुकसान भरून देईन. सही करायला कोण धजंना. मीच डोकं चालवलं. म्हटलं, तात्यालाच अध्यक्ष करा, जबाबदारी पडली की गप बसंल.

आणि बसला की गड्या! दोन गाणी हाताची घडी घालून बसला. तिसऱ्याला शिरवळचं एक पाव्हणं खुर्चीवर चढून नाचाय लागलं.

तात्या वरडला, "उतरा खाली, मोडली तर मला भरावी लागंल!"

पाव्हणं काय उतरंना. मग तात्यानं त्यास्नी उतरवलं आणि खुर्ची भिरकावली, ती थेट स्पीकरात.

सकाळी मी ठाण्यात गेलो, तर तात्या आदीच हजर. स्वतःची कॉलर स्वतःच्याच मुठीत धरून फौजदारापुढं उभा.

"हे काय?" फौजदारांनी विचारलं.

"गोंधळ घालणाऱ्याला धरून आणलाय सायेब. लिहून दिलं हुतं न्हवं?"

फौजदारांनी कपाळाला हात लावला. "बरं. आता स्पीकरचे पैसे काढा."

"काढतो की," तात्या म्हणाला, "पण खिशात हात घालायला कॉलर सोडली, तर ह्यो पळून जाईल."