सारखंच

रावजी : मंग केसपेपर ह्याच खिडकीत काढायचा ना?

मुकुल : रावजीदादा, जरा बाजूनं या. फरशी आत्ताच पुसलेय. उद्या मंत्री उद्घाटनाला येणार.

रावजी : चपला भायरच काढल्यात. खिडकी बरी केलीत, पन बाकडं नाय ठेवलंत? म्हातारी मानसं कुटं बसायची?

मुकुल : येतील हो बाकडी. तुम्ही चला, खाली चहा घेऊ.

ऋजुता : कुठली बाकडी, मुकुल? त्या खिडकीतून आपण नमुने आत घेणार आहोत. नमस्कार आजोबा. मी ऋजुता. पुण्याहून आलेय, इथली प्रयोगशाळा मी बघणार.

रावजी : तुमी डॉक्टरीनबाई? बरं झालं, बाईमानूस आली. बायका पुरुषाला दुखनं सांगत नायत. मी रावजी, खालच्या वाडीचा गावकार. साऱ्या वाडीच्या वतीनं देवाला गाऱ्हानं मी घालतो.

ऋजुता : मी डॉक्टर आहे, पण तशी नाही हं. औषध देणारी नाही. माझा अभ्यास जंतूंचा.

रावजी : आसंल. मंग औषध देनारे उद्या येतील?

ऋजुता : इथे पेशंट येणारच नाहीत, आजोबा. लावणीच्या दिवसांत तो उंदरांमुळे ताप येतो ना, लेप्टो, त्याच्यावर संशोधन होणार. सगळ्या जिल्ह्यातून रक्ताचे नमुने येतील. मुकुल, तुम्ही हे सांगितलं नाहीत यांना?

मुकुल : सांगितलंय. म्हणजे, साधारण कल्पना दिलेली आहे.

रावजी : साधारन?

मुकुल : दादा, आपण खाली जाऊन बोलू.

रावजी : हितंच बोला. बाईंना पन कळूंदे. बाई, तुमी ज्या रस्त्यानं वर आलात ना, वळनावर आमची सहाण व्हती.

ऋजुता : सहाण म्हणजे?

रावजी : शिमग्याला देवाची पालखी जिथं बसते तो चौथरा. माज्या आज्याच्या आज्यानं बगितलान तो तितंच. ह्या मुकुलभाऊंचे ट्रक वळंनात, म्हनून आमी सहाण उचलून दुसरीकडं नेली.

ऋजुता : देवाची जागा हलवली? रस्त्यासाठी?

रावजी : रस्त्यासाठी कोन हलवतंय! दवाखान्यासाठी. माजी सून सखू त्याच तापान गेली. यष्टीची वाट बगत, रस्त्याच्या कडंला. म्हनून देवाला कौल लावला. दवाखाना होतोय, सहाण हलवू का? तर देवान उजवा कौल दिलान, हलवा म्हनून.

ऋजुता : मुकुल?

मुकुल : टेंडरच्या नकाशात सहाण नव्हतीच, मॅडम. रस्ता सरळ दाखवला होता. गावानं अडवला तेव्हा पाया खणून तयार, आणि मुदत संपत आलेली. माझं पहिलंच सरकारी काम. हातचं गेलं असतं तर पुढे कुणी उभं केलं नसतं.

ऋजुता : म्हणून दवाखाना म्हणालात?

मुकुल : दवाखान्यासारखंच म्हटलं होतं. दादांनी विचारलं, लॅबोरेटरी म्हणजे काय. मी म्हटलं, दवाखान्यासारखंच.

रावजी : व्हय. आसंच म्हनलात. आता आठवतंय.

मुकुल : म्हटलं होतं ना?

रावजी : पन देवाला सारखंच कसं विचारायचं, मुकुलभाऊ? देवापुढं हाय नायतर नाय. मी आपला दवाखाना म्हनलो. साऱ्या वाडीनं म्हटलान, व्हय म्हाराजा. तुमी माज्या बाजूला उभे व्हतात. तुमी पन म्हनलात.

मुकुल : सगळे म्हणत होते.

ऋजुता : मी रोज त्याच रस्त्यानं येणार आहे. मला हे आधी कळायला हवं होतं.

रावजी : तुमचा काय दोष नाय, बाई. आमाला डॉक्टर पन डॉक्टरासारखेच मिळाले, एवडंच.

मुकुल : दादा, इथलं काम वाया नाही जायचं. ताप का येतो ते कळलं की पुढे...

रावजी : पुडचं पुडं. आदी चिमाला काय सांगू?

मुकुल : कोण चिमा?

रावजी : माज्या भावाची सून. परवापासनं तापलेय. डोळे पिवळे झाल्यात. काल म्हटलं रत्नागिरीला नेऊया, तर म्हनते, एक दिस काढते, उद्या आपला दवाखाना उघडतोय. पयली केस माजीच लागूंदे. म्हनून तर खिडकी बगाया आलो.

ऋजुता : डोळे पिवळे? मुकुल, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या तिला. उद्याची वाट बघू नका. मी फोन करून ठेवते.

मुकुल : मी जीप काढतो. दादा, चला. चला ना.

(जीप वळणाच्या पुढे, नव्या सहाणेपाशी. मागच्या सीटवर चिमा, डोळे मिटून.)

रावजी : जरा थांबवा. आजारी मानूस न्हेताना सहाणेवर गाऱ्हानं घालायचं आसतं. गाडी बंद नका करू, मी हितनंच घालतो.

मुकुल : ही नवी सहाण मी बांधली, दादा. चिरे निवडून आणले होते. सगळ्या कामात हेच नीट केलं मी.

रावजी : दिसतंय. म्हनून तर लोकांनी तुमचं नाव घेतलानी.

मुकुल : तेच ऐकवत नाही मला. शिमग्याला माझ्या हातात मानाचा पहिला नारळ दिलात तुम्ही, आणि मी घेतला. लाज वाटते. उद्या वाडी वर येईल तेव्हा मी तिथं कसा उभा राहू?

रावजी : मला नाय वाटत लाज? देवाला नको ते विचारलं मी. वाडीला काय सांगू, आपन फसलांव? तसं नाय सांगवत. रावजी म्हातारा झाला, आयकन्यात चूक झाली, आसं सांगेन. ते बरं पडंल. आता हात जोडा.

मुकुल : घाला.

रावजी : बा देवा म्हाराजा, ही तुजी लेक चिमा दुखन्यात हाय, तिला हाती पायी सुखरूप घरी आन रे म्हाराजा.

मुकुल : व्हय म्हाराजा.

रावजी : तुजी जागा हलवली, दवाखाना होतोय म्हनून तुला इचारलं. तो दवाखाना नाय, हे आज कळलं रे म्हाराजा.

मुकुल : व्हय म्हाराजा.

रावजी : ह्याच्यात मुकुलभाऊंचा काय गुन्हा नाय. माज्याच कानांची चूक झाली, ती पदरात घे रे म्हाराजा.

मुकुल : नाय म्हाराजा.

रावजी : मुकुलभाऊ! गाऱ्हान्याला कोन नाय म्हनत नाय.

मुकुल : म्हणून तर तेव्हा मी व्हय म्हटलं, दादा.

रावजी : ...मंग शेवटचं परत घालतो. ह्या वक्ताला शब्द तुमी सांगा.