कुठला भोंगा?

मी, धक्क्यावर 'कर्णा' या नावाने ओळखला जाणारा, वय ५१ वर्षे, धंदा: बंदरात धुक्याचा भोंगा वाजवणे, राहणार: कामगार वसाहत, खोली क्रमांक ९, समक्ष हजर राहून सांगतो की,

आमच्या बंदरात भोंगे दोन आहेत. एक दुरुस्ती कारखान्याच्या छपरावर. तो पाळी सुरू होताना वाजतो. दुसरा धक्क्याच्या टोकाला. धुके पडले की तो दर दोन मिनिटांनी वाजवायचा, म्हणजे परतणाऱ्या होड्यांना खडक कुठे ते कळते. हा मी बावीस वर्षे वाजवतो. पहिल्या भोंग्याने माणसे कामाला येतात, दुसऱ्याने घरी येतात. एवढे शेंबड्या पोरालाही कळते.

सोमवारी व्यवस्थापक साहेबांचे पत्रक आले: "झोपमोडीच्या तक्रारी आल्याने सकाळचा भोंगा बंद ठेवावा." तक्रारी छपरावरच्या भोंग्याच्या होत्या. शिपायाने कुलूप आणून घातले ते माझ्या, धुक्याच्या भोंग्याच्या कळीच्या पेटीला. मी साहेबांना विचारले, "साहेब, कुठला भोंगा?" ते म्हणाले, "भोंगा म्हणजे भोंगा. उगाच शब्दाचा कीस काढू नका." मी लेखी अर्ज दिला. त्याची पोच सोबत जोडली आहे.

गुरुवारी सकाळी सहा दहाला दाट धुके उतरले. माझा थोरला भाऊ होडी घेऊन परतत होता. मी साहेबांच्या घरी फोन केला. बाईसाहेब म्हणाल्या, "आंघोळीला गेलेत." पुन्हा केला. साहेब म्हणाले, "ऑफिसात आल्यावर बघू." मी पत्र्याचा डबा बडवला. तो कितीसा ऐकू जाणार! सहा बावन्नला मी पहारीने कुलूप तोडले आणि धुक्याचा भोंगा वाजवला. होडी खडकावर आपटल्याची वेळ तुमच्या पंचनाम्यात सहा एकोणपन्नास आहे. दादाला दुपारी पाण्यातून बाहेर काढले. पाळीचा भोंगा सातला नेहमीसारखा वाजला. त्याला कुणी कुलूप घातले नव्हते.

साहेबांनी तक्रार दिली आहे ती कुलूप तोडल्याची. पत्रकाबद्दल त्यात एक अक्षर नाही. वहिनीला मी अजून तोंड दाखवलेले नाही. कुलूप मीच तोडले. तीन मिनिटे उशिरा तोडले, तेवढा गुन्हा माझ्या नावावर लिहा.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात चार ठिकाणी नुसतेच 'भोंगा' लिहिले होते. तिथे कुठला, ते मी हवालदारांना घालायला लावले. आता बरोबर आहे.