दोघांची होडी

ट्रेलरच्या दुकानात चाक बदलून मिळेपर्यंत ट्रकवाल्या बाई बाकावर टेकल्या. शेजारी एक नवरा-बायको शर्यतीच्या होडीसाठी बंद ट्रेलर निवडत होते.

“आखूडच घेऊ. पोरगा आता एकटाच शर्यतीत उतरतो. त्याची होडी आरामात मावेल.”

“आणि बहीणभावाची, दोघांची होडी?”

“ती कोण वल्हवणार? लेक घर सोडून गेली, तेव्हाच तो विषय संपला.”

“तुम्ही नको नको ते बोललात म्हणून गेली.”

“झालं! घसरलीस माझ्यावर?”

“नाही घसरत. मग तिची वल्हीही विकून टाका. उगाच धूळ खात पडलीत.”

“धूळ कुठाय त्यांच्यावर?”

“तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर शेडमध्ये पाऊलही टाकत नाही.”

नवऱ्याने आखूड ट्रेलरचं दार उगाच उघडून पुन्हा लावलं.

“अहो, तुम्हाला विचारतेय मी.”

“पुसतो मी. तू बाजारात गेलीस की.”

“अगं बाई! आणि मी समजत होते, पोरगा पुसतो.”

“बाई, चाक झालं तुमचं!” आतून हाक आली.

“असू दे रे. थांब जरा,” म्हणत ट्रकवाल्या बाई जागच्या हलल्या नाहीत.

“ओ भाऊ,” नवऱ्याने दुकानदाराला हाक मारली, “हा आखूड राहू द्या. तो पलीकडचा लांब उघडून दाखवा. आत वल्ह्यांच्या दोन जोड्या टांगता येतील ना?”